पंधरा ऑगस्टच्या आधीचे सहा आठवडे

कंबोडियाची राजधानी नोम पेन्हहून महामार्ग क्रमांक १ ने व्हिएतनामच्या दिशेने निघालं की साठेक किलोमीटरवर मेकाँग आडवी येते. नदीवर जपानच्या मदतीने बांधलेला पूल आहे, २०१५ साली खुला झालेला. पलीकडचं गाव न्याक लुओंग. गजबजलेला बाजार, रस्त्याकडेला कमळाच्या हिरव्या बोंडांच्या जुड्या विकायला बसलेल्या बायका. मी कामानिमित्त इकडून नेहमी जाते आणि दर वेळी मनात १९७३ सालच्या तारखांचा हिशेब सुरू होतो.

अमेरिकेने बी-५२ या अवजड बाँबफेकी विमानांनी कंबोडियावर बाँब टाकायला सुरुवात केली मार्च १९६९ मध्ये, तीही चोरून. त्या मोहिमांना ‘ब्रेकफास्ट’, ‘लंच’, ‘डिनर’ अशी नावं दिली होती. ती वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला व्हिएतनामचा शांतता करार झाला, अमेरिकी सैनिक घरी परतले, पण कंबोडियावरचे हल्ले थांबायच्या ऐवजी वाढले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारला ख्मेर रूजला, म्हणजे कंबोडियातल्या कम्युनिस्ट बंडखोरांना, राजधानीपासून रोखायचं होतं.

अखेर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बाँबफेकीचा पैसाच तोडायचं ठरवलं. जूनमध्ये तसं कलम घातलेलं खर्चाचं विधेयक मंजूर झालं. निक्सन यांनी २७ जूनला नकाराधिकार वापरला, आणि तो मोडून काढायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत प्रतिनिधिगृहात जमलं नाही. ३० जूनला आर्थिक वर्ष संपत होतं, त्यामुळे सरकारचा कारभार ठप्प होण्याची वेळ आली. मग तडजोड झाली: बाँबफेक थांबेल, पण १५ ऑगस्टला.

म्हणजे आणखी सहा आठवडे मुभा!

ब्रुकलिनच्या खासदार एलिझाबेथ होल्ट्झमन यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी हवाई दलाच्या काही अधिकाऱ्यांसोबत कोर्टात धाव घेतली. न्यायाधीश ऑरिन जड यांनी जुलैत हल्ले बेकायदा ठरवले, पण वरच्या कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी ती उठवली. फाशीच्या प्रकरणासारखंच इथे जिवांचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच दिवशी बाकीच्या न्यायमूर्तींनी मिळून त्यांचा निर्णय फिरवला.

६ ऑगस्टला एका बी-५२ विमानाने आपले सगळे बाँब न्याक लुओंगवर टाकले. गाव कंबोडियाच्या सरकारच्या, म्हणजे अमेरिकेच्या मित्रांच्या ताब्यात होतं. विमानांना दिशा दाखवणारं यंत्र गावातच बसवलेलं होतं. तिथून लक्ष्यापर्यंतचं अंतर मोजून पुढे बाँब टाकायचे होते, पण त्यासाठीचं विमानातलं एक बटण दाबायचंच राहिलं. १३७ माणसं गेली, अडीचशेहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत त्या छावणीतल्या सैनिकांच्या बायका होत्या, मुलं होती. दवाखान्यावरही बाँब पडले.

चालू युद्धातल्या हल्ल्यांचा पैसा राष्ट्राध्यक्षांच्या हातातून काढून घेणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्या खासदारांबद्दल मला मनापासून आदर आहे. १५ ऑगस्टला विमानं खरोखरच थांबली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या युद्ध करण्याच्या अधिकारांना मर्यादा घालणारा युद्धाधिकारांचा कायदा तर त्यांनी निक्सन यांचा नकाराधिकार मोडून केला. ते बहुमत जूनमध्ये जमलं असतं, तर ६ ऑगस्टला न्याक लुओंगच्या आकाशात ते विमान आलंच नसतं.