तुम्ही विचारलंत म्हणून: आर्टरीत हवा कुठून आली?

मी नर्सिंगच्या मुलींना अ‍ॅनाटॉमी शिकवते आणि दर बॅचला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, की मॅडम, आर्टरीत, म्हणजे धमनीत, रक्त असतं ना, मग नेटवर त्या शब्दाचा अर्थ हवेची नळी असा का दाखवतात? परवा भावाच्या अँजिओप्लास्टीनंतर वहिनीनेही फोनवर हेच विचारलं, म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकते.

तर ग्रीकमधला ‘आर्टेरिया’ हा शब्द आधी श्वासनलिकेलाच वापरायचे. हवा धरून ठेवणारी म्हणून आर्टेरिया, असं सांगतात खरं, पण भाषेच्या अभ्यासकांना तो ‘उचलणं, टांगणं’ या क्रियापदावरून आलेला जास्त पटतो, त्यामुळे त्यात ‘एअर’ शोधत बसू नका. मग इ.स.पू. 4थ्या शतकात ग्रीसमधल्या कोस बेटावरच्या प्रॅक्सागोरस नावाच्या वैद्याने धमन्या आणि शिरा वेगळ्या काढल्या, आणि म्हणाला की रक्त फक्त शिरांमध्ये, धमन्यांमधून ‘न्यूमा’ वाहतो, म्हणजे श्वासातला प्राणवायूसारखा काहीतरी.

हसू नका हं. मटणवाल्याकडून बकऱ्याचं हृदय नळ्यांसकट आणा आणि स्वतः बघा. मी दरवर्षी आणते, तो आता ‘मॅडम क्लासचंच ना’ म्हणून न विचारता बाजूला काढून ठेवतो. हृदयातून निघणारी जाड नळी कापल्यावरही पाण्याच्या पाइपसारखी तोंड उघडं टाकून उभी राहते, आत बहुतेक रिकामीच, आणि शेजारची मोठी शीर ओल्या फडक्यासारखी चपटी पडलेली, तिच्यात काळपट गुठळ्या. मेल्यावर धमन्यांच्या भिंती आवळतात आणि रक्त शिरांकडे ढकललं जातं, एवढंच असतं ते. पण ज्याला हे माहीत नाही त्याने अशा उघड्या, रिकाम्या नळीत काय वाहत असेल म्हणायचं?

मग जिवंत माणसाची धमनी कापल्यावर भसाभस रक्त येतं त्याचं काय? त्यावरही प्रॅक्सागोरसनंतरच्या इरॅसिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्याकडे उत्तर तयार होतं: कापल्यावर आधी न्यूमा निसटतो, पोकळी होते आणि ती भरायला शिरांतलं रक्त बारीक वाटांनी ओढलं जातं. (वकील व्हायला हवा होता हा माणूस.) हा वाद मिटवला पर्गामॉन शहरातल्या गेलेन या वैद्याने, इ.स. 2ऱ्या शतकात. जिवंत जनावराची धमनी उघडी केली, दोन ठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधली आणि मधला तुकडा चिरला. बांधलेली असल्यामुळे बाहेरून काही येणं शक्यच नाही, आणि आत निघालं नुसतं रक्त.

मला गंमत वाटते ती शब्दाची. श्वासनलिकेला वेगळं ओळखता यावं म्हणून तिला ‘आर्टेरिया ट्राखेइया’ म्हणायला लागले होते, म्हणजे खरखरीत आर्टेरिया. गळ्यावरून बोट वरखाली फिरवा, कूर्चेच्या कड्या लागतील, तोच खरखरीतपणा. पुढे आर्टेरिया हे नाम रक्ताच्या नळीने पळवलं आणि हवेच्या नळीकडे उरलं नुसतं विशेषण, ट्रेकिया. खुपरीला ट्रॅकोमा म्हणतात ना, तोही याच ‘खरखरीत’वरून, पापणी आतून तशी होते म्हणून.

हे सांगून झालं की एखादी हुशार मुलगी विचारते, ‘मग आपल्याकडे धमनी का?’ तिला मी चरकसंहिता काढून दाखवते: ‘ध्मानाद् धमन्यः’. ध्मा म्हणजे फुंकणं, लोहार भात्याने फुंकतो तसं. टीकाकार इथे फुगणं, भरणं, ठोका देणं असा अर्थ लावतात, पण मुलींना तोवर भाताच दिसलेला असतो आणि वर्गात एकच गलका, मॅडम आपले पण हवावालेच निघाले!