कुंडीतल्या टोमॅटोसाठी खत निवडताना: माझा अनुभव

कृषी सेवा केंद्रात ‘टोमॅटोला चांगलं खत द्या’ म्हटलं की हातात १९:१९:१९ चा पुडा पडतो. नर्सरीत तेच विचारलं तर गांडूळखताची पिशवी मिळते. दोन्ही खतं चांगली आहेत, पण एकट्याने कोणतंच पुरं पडत नाही. गच्चीतल्या टोमॅटोला खत निवडण्याआधी मी तीन गोष्टी बघते: कुंडीत माती कोणती, पाणी कुठलं आणि झाड कोणत्या टप्प्यावर आहे. खताचं नाव त्यानंतर.

आधी हिशोब. पुड्यावरचे तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांची टक्केवारी, याच क्रमाने. संकरित टोमॅटोला शेतात हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद, १५० किलो पालाश अशी मात्रा आपल्याकडे सांगतात. ९० बाय ३० सेंमीवर लागवड धरली तर हेक्टरी साधारण ३७ हजार झाडं बसतात. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला अख्ख्या हंगामात सुमारे ८ ग्रॅम नत्र आणि ४-४ ग्रॅम स्फुरद-पालाश येतं. हे एकदा कागदावर मांडलं की मुठीने खत टाकायचा मोह आवरतो.

यातला पालाशचा आकडा मात्र कुंडीला जसाच्या तसा लावू नये. टोमॅटोचं झाड नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतं. शेतात निम्म्या पालाशवर भागतं, कारण आपल्या काळ्या जमिनीत तो मुळातच भरपूर असतो. धुतलेलं कोकोपीट असलेल्या कुंडीत असा साठा नसतो. त्यामुळे फळं धरल्यावर बाहेरून पालाश द्यावाच लागतो. कुंडीतल्या टोमॅटोचं झाड हिरवंगार पण फळं मोजकी, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

कुंडी भरताना एका झाडाला २० लिटरची रंगाची बादली घ्यावी आणि बुडाला पाच-सहा भोकं पाडावीत. तिच्यात ८ लिटर माती, ६ लिटर गांडूळखत, ६ लिटर कोकोपीट, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. कोकोपीट साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवून पिळून घ्यायचं, त्यातले क्षार निघून जायला हवेत. धुतल्यावरही ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं, म्हणून पुढे ही दोन्ही बाहेरून द्यावी लागतात. निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतं आणि ते हळूहळू सुटतं. गांडूळखतात आकड्यांनी अन्न कमीच, पण मातीचा पोत आणि ओलावा सांभाळायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सुपर फॉस्फेटमधून १६ टक्के स्फुरद मिळतंच, शिवाय कॅल्शियम आणि गंधकही मिळतं. हाडांचा चुरा मी फक्त आम्लधर्मी मातीत वापरते. काळ्या, चुनखडीच्या मातीत त्यातलं स्फुरद नीट सुटत नाही.

राखेचंही तसंच. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या तांबड्या जांभ्या मातीत मूठभर लाकडाची राख चालते, कारण ती माती आंबट असते. पुणे, नाशिक, मराठवाड्यातल्या काळ्या मातीत, वर बोअरचं जड पाणी असताना राख घातली की सामू (पीएच) आणखी चढतो. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही.

पाण्यात विरघळणारी खतं देताना चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम धरावा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. रोप लावल्यावर दहा-बारा दिवस काहीच देऊ नये. मग १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, झाडाला अर्धा लिटर. पुढच्या आठवड्यापासून लिटरला २ ग्रॅम, झाडाला एक लिटर, आठवड्यातून एकदा. पहिला फुलांचा झुबका दिसला की हे खत थांबवायचं. त्यातलं बरंचसं नत्र यूरियाच्या रूपात असतं, आणि फुलं आल्यावरही ते देत राहिलं तर खोड अंगठ्याएवढं जाड होतं, पानं गडद होऊन खाली वळतात, बगलफुटी जोरात येतात आणि फुलं गळतात.

फुलांसाठी ००:५२:३४ घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. कुंडीत सुपर फॉस्फेट घातलेलं असेल तर मला त्याची गरज वाटत नाही. रोज पस्तीस अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही उकाडा असेल तर फुलं गळणारच. ते कोणत्याच खताने थांबत नाही. एप्रिल-मे महिन्यात हिरवी शेडनेट बांधून जास्त फायदा होतो.

पहिली फळं बोराएवढी झाली की १३:००:४५ सुरू करायचं: लिटरला २ ग्रॅम, झाडाला एक लिटर. पुढच्या आठवड्यात त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, तेवढंच. असं आलटून पालटून शेवटच्या तोडणीपर्यंत. जुन्या पानांवर शिरांच्या मध्ये पिवळेपणा आला तर मॅग्नेशियमची कमतरता समजावी. १३:००:४५ च्या पाण्यातच मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम टाकून महिन्यातून एकदा द्यावं.

कॅल्शियम नायट्रेट मात्र कशातही मिसळू नये. मगभर पाण्यात ते आणि ००:५२:३४ एकत्र करून पाहा: पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळात तळाशी पांढरा गाळ बसतो. झाडाचं अन्न त्या गाळात अडकलेलं असतं. सल्फेटची खतंही त्यात घालू नयेत.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो, तो बुरशीचा रोग समजून लोक औषध फवारतात. मुळात तो कॅल्शियमचा तुटवडा असतो. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि पानांतून बाष्पीभवन जास्त होत असल्याने पानांना आधी मिळतं, फळाच्या टोकाला सगळ्यात शेवटी. एक दिवस कुंडी कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की फळाचा वाटा तुटतो. अमोनियाचं नत्र किंवा पालाश जास्त झालं तरी कॅल्शियम कमी उचललं जातं, म्हणून १३:००:४५ ची मात्राही वाढवू नये. पाणी रोज ठरल्या वेळी, आणि वरून सुक्या पाल्याचं दोन इंच आच्छादन. डाग पडलेली फळं काढून टाकायची, ती सुधारत नाहीत. अंड्याच्या टरफलांचा चुरा इथे उपयोगी पडत नाही, कारण सामू जास्त असलेल्या मातीत तो फारच सावकाश विरघळतो. केळीच्या सालींचं पाणी किंवा कांद्याच्या टरफलांचं पाणी नुकसान करत नाही, पण एवढ्या खादाड झाडाला ते पुरत नाही.

खत घालण्याआधी कुंडी साध्या पाण्याने ओली करून घ्यावी. कोरड्या मातीत खताचं पाणी ओतलं की मुळं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खार दिसली तर त्या आठवड्याला खत बंद ठेवून, खालून पाणी भरपूर वाहून जाईपर्यंत साधं पाणी द्यायचं. खार दिसली नाही तरी तीन-चार आठवड्यांतून एकदा हे करावंच. शेंड्याची पानं लहान, पिवळट आणि वर वळलेली असतील, पानांखाली पांढरी माशी असेल, तर तो लीफ कर्ल विषाणू. खत वाढवून ते झाड परत येत नाही, उपटून टाकावं.

खरेदी करताना छापील लेबल असलेला बंद पुडाच घ्यावा. सुट्या पिशवीत ‘टोमॅटो स्पेशल’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या दाण्यांवर टक्केवारी नसते, मग मात्रा कशाच्या आधारावर ठरवणार? एक किलोचे पुडे तीन-चार जणांनी वाटून घेतले तर हंगामभर पुरतात. कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात त्याचा पाक होतो, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं.