आय-२९चं पान

सोमवार, रात्र

मराठी विकिपीडियावरचा तिलावा या बोटीचा मजकूर आज बऱ्यापैकी उरकला. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, कच्चा खर्डा पडून होता, तो साफ करून मुख्य पानावर चढवला.

ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट, १९२४ सालची, दहा हजार टनांची. हे टन वजनाचे नाहीत. बोटीच्या पोटातली जागा शंभर घनफुटांना एक टन या हिशेबाने मोजतात. तरीही कुणी ना कुणी येतो आणि त्याचे किलो करून जातो, की मग उलटवायचं. त्यासाठी पानावरच्या माहितीच्या साच्यातच एक टीप टाकली आहे. ती कुणी वाचेल या भ्रमात मी नाही.

२० नोव्हेंबर १९४२ला तिलावा मुंबईहून सुटली. जायचं होतं मोंबासा, लोरेन्सो मार्केस (आजचं मापुटो), डर्बन. बोटीवर ९५८ माणसं: प्रवासी ७३२, बोटीवरचे नोकर २२२, तोफेवरचे ४. प्रवाशांत आफ्रिकेतल्या दुकानांकडे, नातलगांकडे निघालेले गुजराती पुष्कळ. २३ तारखेला रात्री दोनच्या सुमारास सेशेल्सच्या ईशान्येला, भर समुद्रात, जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडाली नाही आणि तिथेच घात झाला. होड्यांत उतरलेल्यांपैकी काही जणांना वाटलं की ही आता तरते, म्हणून ते परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० गेले, त्यात २५२ प्रवासी. वाचलेल्या ६७८ पैकी बहुतेकांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरने दोन दिवसांनी उचललं आणि २७ला मुंबईत आणून सोडलं.

इंग्रजी विकिपीडियावर युद्धातल्या बुडित जहाजांच्या महिनावार याद्या आहेत. दर दिवसाचा वेगळा तक्ता आणि दर जहाजाला एक ओळ: नाव, देश, काय झालं. त्या वाचत बसण्याचं मला व्यसनच लागलंय. एकेका दिवसाला पंधरा-वीस जहाजं. तिलावाही त्यात एक ओळ.

मंगळवार

तारखांनी डोकं उठवलं. सिटी ऑफ बनारस घ्या. इंग्लंडमधून कॅनडाला पोरं घेऊन चाललेली बोट. ९० पोरं, त्यातली ७७ गेली. बोटीवरच्या घड्याळात ती १७ सप्टेंबर १९४०ची रात्र, रात्रीचे दहा वाजलेले. तिला बुडवणाऱ्या यू-४८ या जर्मन पाणबुडीच्या घड्याळात मध्यरात्र उलटून १८ तारीख लागलेली. मग दिनविशेषात कुठे लिहायचं? मी १७ ठेवली आणि पानावर दोन्ही घड्याळांचा खुलासा केला. मरणाऱ्यांचं घड्याळ धरावं, मारणाऱ्याचं नाही, असं आपलं माझं मत. धोरणात असं काही लिहिलेलं नाही. कुणी हरकत घेतली तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, भांडायला तयार आहे.

गुरुवार

तिलावाच्या पानाचं माप बिघडलंय. चांदीचा भागच सगळ्यात मोठा झालाय.

चांदीची गोष्ट आहेही तशी. दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी बोटीत चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने त्या सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढल्या. मग मालक कोण यावर दावा लागला आणि २०२४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिका सरकारच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रं, बातम्या, वकिली लेख, संदर्भ म्हणाल तेवढे. वाक्यागणिक दोन-दोन देता येतील. आणि डेकवर झोपलेल्या प्रवाशांबद्दल वाक्य लिहायला गेलं की 'संदर्भ हवा'. आमच्या नियमात खोट नाही. ज्याच्यावर छापील मजकूर असतो त्यावरच लिहिता येतं, आणि छापील मजकूर पैशाच्या मागे धावतो. तरी निकालाचे तपशील कापून अर्ध्यावर आणले. उद्या कुणी परत घालेल.

शुक्रवार, उशिरा

ज्याची वाट पाहत होतो ते झालं. आय-२९च्या पानावरून माझं एक वाक्य उडालं. अंकपत्त्यावरून (आयपी अॅड्रेसवरून) आलेला कुणी अनामिक. बदलाच्या सारांशात लिहिलंय: 'नेताजींचा अपमान.'

आय-२९ म्हणजे तीच जपानी पाणबुडी. सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३मध्ये कील बंदरातून यू-१८० या जर्मन पाणबुडीतून निघाले, सोबत आबिद हसन. एप्रिलच्या शेवटी मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात दोघांना जपानी पाणबुडीवर घेतलं आणि ६ मेला सुमात्राजवळच्या साबांगला उतरवलं. पाणबुडीतला हा प्रवास आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. मीही तो भारावून ऐकलेला. मात्र मुंबईहून निघालेली तिलावा पाचच महिन्यांआधी ह्याच पाणबुडीने बुडवली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जहाजांच्या यादीतल्या त्या एका ओळीत पाणबुडीचा क्रमांक होता, म्हणून जोडता आलं.

उडालेलं वाक्य साधं होतं: '२३ नोव्हेंबर १९४२ रोजी या पाणबुडीने तिलावा ही प्रवासी बोट बुडवली, त्यात २८० जणांचा मृत्यू झाला.' बाजूला सुभाषबाबूंचा परिच्छेद तसाच, एक अक्षर न हलवता. अपमान कुठे आहे, मला दिसत नाही.

'पण', 'मात्र', 'तरीही' यांपैकी एकही शब्द मी त्या दोन परिच्छेदांच्या मध्ये घातलेला नाही. घालावासा वाटला होता. वर्तमानपत्रात लिहिलं असतं तर घातलाही असता, वर 'नियतीचा खेळ' वगैरे. विकिपीडियावर तसं करता येत नाही आणि या जागी ते मला पटतं. दोन घटना, दोन तारखा, दोन संदर्भ. वाचणाऱ्याला काय वाटायचं ते त्याचं त्याला वाटू दे. वाक्य परत घातलं आणि चर्चा पानावर कारण लिहिलं, सौम्य भाषेत. प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्यांना, मध्ये ओढलं नाही.

रविवार

अनामिकाचं उत्तर नाही. वाक्य जागेवर आहे.

तिलावाच्या चर्चा पानावर मात्र वेगळंच. रत्नागिरीकडच्या एका सदस्याने विचारलंय, आमचे पणजोबा युद्धात ब्रिटिश बोटीवर खलाशी होते, परत आले नाहीत, घरात बोटीचं नाव 'तिलावा' असं सांगतात, तर त्यांचं नाव घालाल का?

नाही घालता येत. घरची आठवण हा संदर्भ होत नाही, आणि नाव घातलं तरी टिकणार नाही. हे कोरडेपणाने लिहायचं जिवावर आलं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर सारंग, तांडेल, खलाशी कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मुसलमान. खानपानाच्या खात्यात गोव्याचे. युद्धाच्या नोंदीत हे सगळे 'भारतीय खलाशी' या एका शब्दात जातात, बहुतेकदा नुसत्या आकड्याने. लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी बोटींवरच्या मृतांचं मोठं स्मारक आहे, त्यावर हे लोक नाहीत.

पण नावं कुठेच नाहीत असंही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अविभाजित भारताच्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या स्मरणवहीत आहेत. तिच्या दोन प्रती: एक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात, दुसरी चितगावला. आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधताही येतं. तेवढं त्यांना लिहिलं. इंग्रजीत एकेका नावाची तीन-तीन रूपं होतात, तेव्हा वेगवेगळी करून पाहा आणि मृत्यूची तारीख २३ नोव्हेंबरच्या आसपासची आहे का ते आधी बघा, हेही लिहिलं. तारीख दुसरी निघाली तर बोट दुसरी असणार. १९४२मध्ये बुडालेल्या बोटींना काही तोटा नव्हता. तसं झालं तर कळवा म्हटलंय, बोट शोधायला मदत करीन. त्या बोटीचं पान नसलं तर तेही सुरू करता येईल.

आय-२९ला 'बुडालेली जहाजे' हा वर्ग लावायचा राहिला होता, तो लावला. २६ जुलै १९४४ला सॉफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला लुझॉनच्या सामुद्रधुनीत बुडवलं. आता कुणीतरी विचारणार, पाणबुडी हे जहाज का? चावडीवर आजच विषय काढून ठेवतो.