आधी शिपाईमामांना वाचून दाखवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलन, कवायत, सहली असे सगळ्यांवर थोडे थोडे लिहायचे ठरवले होते. लिहायला बसल्यावर मात्र विज्ञानाचे सर सोडून दुसरे काही सुचेना. नाव सांगत नाही. 'फळ्याचे सर' म्हटले की ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

फळा म्हणजे जुन्या प्रयोगशाळेबाहेरचा भित्तिपत्रकाचा. लेख फुलस्केपच्या एकाच बाजूवर, सुमारे अडीचशे शब्दांत. सरांकडे नेण्याआधी तो घंटेखाली बसलेल्या शिपाईमामांना वाचून दाखवायचा. 'कळलं का?' असे विचारायची बंदी होती, कारण भिडेखातर कोणीही 'हो' म्हणतो. 'आता तुम्ही मला सांगा' म्हणायचे, आणि मामा जिथे अडतील तिथे समासात फुली मारायची. बहुतेक फुल्या जिथे एकाच वाक्यात दोन नव्या संज्ञा आलेल्या असत तिथेच पडत.

माठातले पाणी गार का होते, या लेखाचे चार खर्डे झाले. पहिल्याची सुरुवात 'बाष्पीभवनाच्या अप्रकट उष्म्यामुळे' अशी होती. सरांनी ते शब्द बाणाने ओढून परिच्छेदाच्या तळाशी नेले. आधी माठाच्या भिंतीतली बारीक छिद्रे दाखवा, त्यांतून पाणी बाहेर झिरपू द्या, वाऱ्याने त्यातले थोडे उडू द्या, उडताना ते माठातली उष्णता घेऊन जाते हे सांगा, नाव त्यानंतर. घडलेले आधी कळले की संज्ञा लक्षात राहते, नाहीतर ती नुसती पाठ होते.

दुसऱ्या खर्ड्यात आकडा आला: 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी लागतात. आकडा बरोबर, पण डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. म्हणून तिसऱ्यात हिशोब मांडला. 10 लिटरच्या माठातून 100 ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी उडाले, तर उरलेल्याचे तापमान जवळजवळ 6 अंशांनी उतरेल. 'बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरून' ही पुस्ती सरांनी जोडायला लावली. ती गाळली तर वाक्य सुटसुटीत होते आणि खोटेही.

चौथा खर्डा मामांमुळे झाला. त्यांनी विचारले, मग पावसाळ्यात माठ गार का पडत नाही? उत्तरात 'हवेत बाष्पाला जागा उरत नाही' असे लिहिले गेले. सरांनी ते लाल शाईने खोडले. हवा म्हणजे पोते नव्हे. दमट हवेत माठावरून पाण्याचे जितके रेणू उडतात, जवळपास तितकेच हवेतून परत येऊन बसतात. निव्वळ उडणे थांबते, म्हणून गारवाही थांबतो. दोन ओळी वाढल्या, त्यासाठी वरची माठाच्या नक्षीची ओळ गेली. सोपे करताना नेमके इथेच घसरायला होते, आणि वाचक पकडू शकत नाही म्हणून चूक वर्षानुवर्षे टिकते.

दैनिकांचे विज्ञानाचे पान तपासण्याचे काम आता बरीच वर्षे करतो आहे. चुका अजून त्याच. 20 अंश सेल्सिअसचे 40 झाले की 'तापमान दुप्पट' लिहितात. सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, त्यामुळे तिथे दुप्पट हा शब्दच चालत नाही. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, पण ते काळ म्हणून छापले जाते. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे न बघता भाषांतर केले की शून्ये गळतात. असा कागद आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

1928 पासूनच्या 'सृष्टिज्ञान' या विज्ञान मासिकाचे जे अंक ग्रंथालयात होते, ते सर वाचायला देत. हल्ली फळ्याला काचेचे दार आहे आणि आत संगणकावरून छापलेली रंगीत पाने. फुली मारायला समासच नसतो.

उपमेबद्दल सरांचा एकच आग्रह होता: वापरण्याआधी मोजा. विजेचा प्रवाह म्हणजे नळातले पाणी, असे लिहिणाऱ्याला ते विचारत, तार कापली की वीज जमिनीवर सांडते का? उपमा कुठवर चालते तेही लिहावे लागे. सूर्य-पृथ्वीच्या लेखासाठी तर त्यांनी सगळ्यांना मैदानात नेले. रंगमंचापाशी फक्कीने 1 मीटर रुंद वर्तुळ काढले, तो सूर्य. त्या मापाने पृथ्वी 9 मिलिमीटर, म्हणजे वाटाणा. चंद्र अडीच मिलिमीटर, मोहरीहून जरा मोठा, वाटाण्यापासून 28 सेंटिमीटरवर, फूटपट्टीत मावला. मग टेप घेऊन सूर्यापासून 107 मीटर चालत गेलो आणि कुंपणाच्या अलीकडे वाटाणा ठेवला. आता त्या रेषेवर नवी इमारत आहे. आज वाटाणा ठेवायचा तर तो तळमजल्यावरच्या सातवी ब च्या वर्गात, शेवटच्या बाकाखाली येईल.