किल्ली काढली तरी फिरणारा स्टार्टर

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. पाने, पक्कड, मल्टिमीटर, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही वडिलांनी घालून दिलेली शिस्त. त्या सकाळी उदबत्ती लावतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. माणसाच्या आधी स्टार्टरचा आवाज ऐकू आला. घूंऽऽ असा, न थांबणारा.

"मिस्त्री, किल्ली काढून हातात घेतलीय, तरी बंद होईना!"

गाडी माझ्या ओळखीची होती. १९५४ ची मॉरिस मायनर, ८०३ सीसीची. राजारामपुरीतल्या एका काकींची. काका गेल्यापासून गाडी फारशी बाहेर पडत नाही, पण दसऱ्याला काकी स्वतः ती चालवत देवळापर्यंत नेतात. कोल्हापुरात दसरा आणि जुनी गाडी म्हटलं की लोकांना छत्रपतींची मेबॅक आठवते. त्या गल्लीतल्या पोरांना मात्र काकींची मॉरिस आठवते. फोनवर त्यांचा पुतण्या होता.

या गाडीत स्टार्टरचा आणि किल्लीचा काही संबंध नाही. डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की केबल बॉनेटखालच्या स्विचचा खटका ओढते आणि बॅटरीचा करंट थेट स्टार्टरला जातो. शंभर अँपिअरच्या वरचा करंट, आणि वाटेत फ्यूज नाही. स्विच आत चिकटला तर बॅटरीची वायर काढणे एवढंच हातात राहतं.

"बॅटरीची वायर काढ," मी ओरडलो, "प्लसची! मायनसला पाना लावू नकोस!"

पण पोरानं सवयीनं मायनसलाच पाना लावला होता. आजच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, म्हणून तोच आधी सोडायचा हे सगळ्यांना पाठ असतं. या गाडीत प्लस बॉडीला आहे. मायनसवरच्या पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं आणि फोनमध्ये चर्र झालं. नशिबानं हात भाजला नाही. मग त्यानं प्लस सोडला आणि आवाज बसत बसत थांबला.

या गाडीला लागणाऱ्या इंची पान्यांचा माझ्याकडे एकच संच आणि तो पाटावर. हात जोडले, फुलं बाजूला केली आणि संच, मल्टिमीटर पिशवीत टाकले. वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं, असं मला वाटतं.

पोहोचलो तेव्हा वायरी अजून गरम होत्या, जळक्या लाखेचा वास येत होता. काकी पायरीवर बसल्या होत्या. "दोनदा केबलला ग्रीस भरून झालं," त्या म्हणाल्या. "आता हा म्हणतोय, ही केबल-बिबल काढून टाका आणि नवीन बटण बसवा."

नॉब परत आत जात नव्हता, म्हणून प्रत्येकानं केबलवर संशय घेतला होता. मी केबलच स्विचपासून सोडवली. खटका हातानं दाबून सोडला तर तो मुकाट जागेवर आला. तरीही स्विचच्या दोन बोल्टांना मीटर लावताच बीप वाजायला लागला. म्हणजे खटका मागे आलाय, पण आतले कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना धरून बसलेत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं आणि बीप थांबला. तेवढ्यावर गाडी देता आली असती, पण एकदा चिकटलेला कॉन्टॅक्ट पुन्हा चिकटतोच, आणि दुसऱ्या दिवशी काकी रस्त्यावर असणार होत्या.

रिवेट काढून स्विच उघडला. दोन कॉन्टॅक्ट जोडणाऱ्या तांब्याच्या चकतीवर खड्डे पडलेले, एका कॉन्टॅक्टवर तांब्याचा फोड आलेला, आणि सगळीकडे काळा कोळसा. हा कोळसा म्हणजे भरलेलं ग्रीसच. केबलमधून ते ओघळत आत आलं आणि ठिणग्यांनी जळालं. स्प्रिंग तापून मऊ पडलेली. बाहेर केबलला फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी, इतकं तीव्र वळण दिलं होतं की नॉब पूर्ण ओढला तरी खटका अर्धाच जायचा. कॉन्टॅक्ट घट्ट बसायचेच नाहीत, नुसते टेकायचे, आणि एवढा करंट टेकलेल्या तांब्यातून गेला की ते वितळणारच.

नवी चकती करून घ्यायची तर उद्यमनगरातले लेथ त्या दिवशी हार घालून बंद. चकतीची दुसरी बाजू चांगली होती, ती उलटून लावली. कॉन्टॅक्ट बारीक कानशीनं सपाट केले, जुन्या स्विचांच्या डब्यातून तेवढ्याच ताकदीची स्प्रिंग शोधली, रिवेटच्या जागी छोटे नट-बोल्ट घातले. केबल रॉकेलनं धुऊन पातळ तेलाचे चार थेंब सोडले आणि मोठ्या वळणानं नेली. स्टार्टरचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, इंजिनला भिडवणाऱ्या बेंडिक्सला मात्र नुसतं रॉकेल. तिथं तेल लावलं की धूळ चिकटते आणि पिनियन अडकतो.

बॅटरी जोडून नॉब ओढला. स्विच स्वच्छ सुटला, पण स्टार्टर दमल्यासारखा फिरला. बॅटरी तर भरलेली. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा प्लस आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर धरला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं तिथं दीड व्होल्ट! गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सवरून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीखाली रंग मारलेला होता. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे करंटला परतायला ही पट्टीच खरी वाट. रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर ती आवळली आणि स्टार्टर झपाट्यानं फिरला.

आता काकींना बसवलं. त्यांनी नॉब बोटांत धरला आणि फुलाचा देठ ओढावा तसा हळूहळू ओढला.

"काकी, रोज असाच ओढता?"

"म्हातारी झालीय ती. हिसका कसा देऊ?"

मी बॉनेट उघडून जुनी चकती दाखवली, खड्ड्यांवरून त्यांचं बोट फिरवलं. हळू ओढलं, हळू सोडलं की कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी रेंगाळते आणि तांबं खाते. "एका दमात ठाम ओढा. इंजिन बोललं की लगेच सोडा. तिला तेच सोसतं." त्या बराच वेळ चकतीकडे बघत राहिल्या. "हे फार जोरात ओढायचे," म्हणाल्या. "मी भांडायची त्यांच्याशी."

पुतण्यानं नव्या बटणाचा विषय पुन्हा काढला नाही. मी केबलचा एक सुटा तुकडा आणि बॅटरीचा पाना गाडीत ठेवला, प्लसच्या टर्मिनलला लाल चिंधी बांधली.

दसऱ्याला सकाळी मुद्दाम गेलो. बॉनेटवर झेंडूचा हार होता. काकींनी नॉब ठाम ओढला, इंजिन लागलं आणि नॉब टक करून जागेवर गेला. त्यांनी इंजिन बंद केलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो टक ऐकायला पुन्हा एकदा ओढला.