आधी लिफ्टचं बोला

पूर्व लंडनमध्ये मी दारोदार प्रचाराला जाते म्हटल्यावर मंडळातले लोक हमखास विचारतात, 'रिफॉर्म'ला, म्हणजे स्थलांतरितांच्या विरोधातल्या 'रिफॉर्म यूके' पक्षाला, मत देणाऱ्यांशी तुम्ही बोलता तरी काय?

प्रश्न रास्त आहे. 2024 च्या संसदेच्या निवडणुकीत या पक्षाला 14 टक्के मतं पडली, खासदार आले 5. मे 2025 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या 10 कौन्सिली (स्थानिक पालिका) जिंकल्या. सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, सत्ता आली तर आयएलआरच, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवानाच, बंद करू. ज्यांचं सगळं आयुष्य त्या एका शिक्क्यावर उभं आहे, त्यांची झोप उडणारच. पण म्हणून रिफॉर्मच्या प्रत्येक मतदाराला वर्णद्वेषी म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

पूर्व लंडनमधल्याच बार्किंग-डॅगनममध्ये 2006 साली बीएनपीचे (ब्रिटिश नॅशनल पार्टीचे) 12 नगरसेवक निवडून आले होते. तो तर उघड वर्णद्वेषी पक्ष. फोर्डच्या कारखान्यात गाड्या बनणं 2002 मध्येच थांबलेलं, कौन्सिलची घरं विकली गेलेली, नवी कुणी बांधत नव्हतं. त्यात आफ्रिकन लोकांना इथे घर घ्यायला पैसे मिळतात, अशी धादांत खोटी पत्रकं वाटली गेली. तिथल्या तेव्हाच्या लेबर खासदार मार्गारेट हॉज यांनी 2007 मध्ये घरवाटपात इथल्या जुन्या कुटुंबांना झुकतं माप द्या म्हटलं, ते मला आजही चूक वाटतं. त्याने समोरच्याचंच फावतं. पुढे मात्र त्यांनी लोकांना चहा-कॉफीला बोलावून गल्लीतली गाऱ्हाणी ऐकली, त्यांचा पाठपुरावा केला. 'होप नॉट हेट' या वर्णद्वेषविरोधी संघटनेचे कार्यकर्ते दारोदार फिरले. 2010 मध्ये हॉजबाई 16 हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या, बीएनपीचा नेता निक ग्रिफिन तिसरा आला आणि त्यांचे बाराही नगरसेवक गेले.

मीही तसंच करते. एक आजोबा, फोर्डमधून निवृत्त झालेले, दार अर्धवट उघडून म्हणाले, "फार माणसं आलीत बाहेरून. तुमच्याबद्दल नाही बोलत हं मी." मी वाद घातला नाही. लिफ्ट बंद होती, मी पाच जिने चढून धापा टाकत होते, म्हणून लिफ्टचंच विचारलं. मग आजोबा सुटलेच! बायकोचे गुडघे गेलेले, ती कित्येक दिवसांत खाली उतरलेली नाही. मुलगी दोन पोरांसह भाड्याच्या एका खोलीत, बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी. मी सगळं लिहून घेतलं, नगरसेवकाच्या मागे लागले, आणि काय झालं ते सांगायला परत गेले. कामाचं बोलून झाल्यावर मग म्हटलं, ही घरं बाहेरून आलेल्यांनी विकली नाहीत, आजोबा. त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही. पण या वेळी दार पूर्ण उघडं होतं.

आता आपल्या लोकांसाठी. वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या निवडणुकीत मत देता येतं, कारण आपण कॉमनवेल्थमधले. अनेकांना हे माहीतच नसतं! मतदार यादीत नाव ऑनलाइन नोंदवता येतं, फार वेळ लागत नाही. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र मागतात. आपला भारतीय पासपोर्ट चालतो.