सूरजकुंडला जाताय? कापड आधी उलटं करून बघा

दिल्लीलगतच्या फरिदाबादचा सूरजकुंड हस्तकला मेळा १९८७ पासून, बहुतेक वर्षी फेब्रुवारीत भरतो. "तिथे सगळे खरे कारागीर असतात, डोळे मिटून खरेदी कर," असं मला निघण्यापूर्वी तिघांनी सांगितलं. मी डोळे मिटले आणि पहिल्या अर्ध्या तासात १,८०० रुपये घालवले.

आधी रस्त्याचं सांगते. मेट्रोच्या व्हायलेट लाइनवर बदरपूरला उतरायचं, इथपर्यंत ठीक. स्टेशनाबाहेर 'मेला, मेला' ओरडणाऱ्या पहिल्या रिक्षात बसू नका. माझ्याकडून ३०० घेतले आणि पुढे गर्दी आहे म्हणून गेटच्या बरंच अलीकडे उतरवलं. उरलेली वाट धुळीतून, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, फुटपाथ नसलेल्या कडेने चालले. परतताना शेअर रिक्षाने माणशी ४० लागले! शनिवार-रविवार तर जाऊच नका. आडवारी तिकीट स्वस्त असतं आणि कारागिराला बोलायला उसंत असते.

आता ते १,८०० रुपये. आत शिरल्याशिरल्या एका स्टॉलवर अजरख, म्हणजे कच्छी ठशांच्या छपाईचा, दुपट्टा घेतला. "हाताची छपाई, नैसर्गिक रंग," दुकानदार म्हणाला. तासाभराने मागच्या रांगेत कच्छचे एक खत्री काका भेटले. गाव अजरखपूर, भूजजवळचं, २००१ च्या भूकंपानंतर वसवलेलं. त्यांनी माझा दुपट्टा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "बेन, यह स्क्रीन का है." म्हणजे लाकडी ठशांनी नव्हे, जाळीच्या साच्यातून छापलेला. उलटी बाजू फिकट, जवळजवळ पांढरी. मग स्वतःचा दुपट्टा उलगडला. मागेही लाल-निळी नक्षी तितकीच ठसठशीत, कारण रंग कापडात मुरलेला. ठशांच्या सांध्यावर रेघ सुतभर सरकलेली. स्क्रीनच्या छपाईत तो सांधा सापडत नाही.

पुढचा पाऊण तास मी तिथून हलले नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, ते पिवळसर होतं. चुना आणि डिंक यांच्या लेपाने ठसा मारला की तेवढ्या जागेला रंग लागत नाही. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात. निळीच्या हौदातून कापड हिरवट निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे त्यांनी मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवलं आणि मी तो तीनदा पाहिला. इतक्या धुण्या-वाळवण्यातून निघालेल्या सुती दुपट्ट्याचे त्यांनी २,२०० सांगितले. घासाघीस करायला माझी जीभच रेटली नाही. तुम्हीही करू नका.

म्हणून स्टॉलवर गेलात की किंमत विचारण्याआधी काम विचारा: ठसे कोण मारतं, काळा रंग कशाचा, हिरडा कधी लावता? करणारा माणूस खुलतो. नुसता विकणारा "सब हैंडमेड है" म्हणून पुढचा दुपट्टा उलगडतो. पैठणीलाही हीच परीक्षा लावा. हातमागाच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे धाग्यांचं जंजाळ लोंबत असेल तर ठेवून द्या.

बिदरीचा स्टॉल चुकवू नका. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीच्या द्रावणात ते बुडवतात. भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखते. माझं बजेट संपलं होतं, एक छोटी डबीसुद्धा घेता आली नाही, याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या दिवशी चौपालवर, म्हणजे मेळ्यातल्या खुल्या रंगमंचावर, लोकनृत्यं पाहिली, छान होती. जेवण महाग आणि सामान्य, डबा न्या. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क जातं, मग यूपीआय अडकतं. चार-पाच हजार रोख जवळ ठेवा. मेळा उघडताना आत शिरा, गेटजवळचे स्टॉल न थांबता ओलांडा आणि थेट मागच्या रांगा गाठा. पाय ताजे असताना तिथे पोचायला हवं, कारण दुपारनंतर खांद्याला खांदा लागतो आणि कुणालाच कापड उलटं करून दाखवायला जागा उरत नाही.